किडनी आणि पोट दोन्ही बिघडलेल्या मांजरीला कोणती जीवनसत्त्वं द्यावीत आणि कोणती अजिबात नाहीत

प्रश्न थोडक्यात असा: मांजरी ११ वर्षांची. वर्षभरात वजन ४.२ किलोवरून ३.४ किलोवर आलं. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक) २.६, फॉस्फरस ५.१, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) २७ टक्के. आठवड्यातून दोन-तीनदा उलटी, अधूनमधून पातळ शी, खाणं कमी. घरात मेडिकलमधून आणलेल्या तीन वस्तू आहेत: मिथाइलकोबालामिनच्या (म्हणजे बी-१२ च्या एका रूपाच्या) कॅप्सूल, लहान मुलांचं मल्टिव्हिटॅमिन सिरप आणि डी-३ चं ६०,००० युनिटचं सॅशे. यातलं काय द्यावं आणि किती?

आधी सॅशेबद्दल, कारण तिथे चूक झाली तर ती निस्तरणं फार अवघड जातं. ते देऊ नका. चिमूटभरही नको, आठवड्यातून एकदाही नको. ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका सॅशेत दीड मिलिग्रॅम डी-३ आहे. ३.४ किलोच्या मांजरीला ते किलोमागे सुमारे ०.४४ मिलिग्रॅम पडतं. किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू शकतात, म्हणजे हा डोस त्या मर्यादेच्या चौपट झाला. डी-३ आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही जास्त ओढून घेतं आणि हे दोन्ही रक्तात एकत्र वाढले की मऊ ऊतींमध्ये, त्यातही मूत्रपिंडात, कॅल्शियम साचू लागतं. जिची किडनी आधीच अर्धीमुर्धी उरली आहे तिच्यासाठी याहून वाईट काही नाही. शिवाय डी-३ चरबीत साठून राहतं, त्यामुळे परिणाम दिवसांत ओसरत नाही, आठवडे चालतो.

चुकून दिलं गेलं असेल तर घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका. त्याच दिवशी व्हेटकडे न्या, कॅल्शियम, फॉस्फरस आणि क्रिएटिनिन लगेच मोजून घ्या आणि पुढचे तीन दिवस रोज पुन्हा मोजा. कॅल्शियम चढायला १२ ते ७२ तास लागू शकतात. पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून धोका टळला असं धरता येत नाही.

‘पण अशक्त हाडांना डी लागतंच ना?’ हा विचार माणसांच्या डॉक्टरांकडून आपल्या डोक्यात आलेला असतो. मांजराच्या कातडीत उन्हाने डी जीवनसत्त्व जवळपास बनतच नाही, तिला ते खाण्यातूनच मिळतं आणि तयार मांजरखाद्यात ते पुरेसं घातलेलं असतं. किडनीच्या जुन्या आजारात कॅल्सिट्रिऑल हे डीचं तयार रूप कधीकधी सुचवलं जातं. ते नॅनोग्रॅममध्ये मोजायचं औषध आहे, मांजरांत त्याचा स्पष्ट फायदा सिद्ध झालेला नाही आणि फॉस्फरस चढलेला असताना तर ते देतच नाहीत.

आता कॅप्सूल. पाकिटावर ठळक अक्षरांत मिथाइलकोबालामिन १५०० मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच ‘नसांच्या’ कॅप्सूलमध्ये त्याच्या जोडीला अल्फा लिपोइक अॅसिड १०० मिलिग्रॅम असतं. माणसाला ते अँटिऑक्सिडंट म्हणून देतात, मांजराला ते विष आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या डोसला मांजरांच्या यकृतपेशींना इजा झालेली दिसली. कुत्रा, माणूस आणि उंदीर यांच्यापेक्षा मांजर या पदार्थाला सुमारे दहापट संवेदनशील आहे. तुमच्या मांजरीला एक कॅप्सूल म्हणजे किलोमागे २९ मिलिग्रॅम. ‘फक्त एक बी-१२ ची गोळी’ म्हणून दिलेली वस्तू यकृतावर उलटते ती अशी. त्याच रांगेतल्या दुसऱ्या कॅप्सूलमध्ये प्रीगाबालिन किंवा नॉरट्रिप्टिलिन ही मेंदू-नसांवर काम करणारी औषधं मिसळलेली असतात. अर्धी कॅप्सूल उघडून दिली तरी आतल्या भुकटीत कुठला घटक किती आला हे सांगता येत नाही. मांजराला द्यायची वस्तू एकाच घटकाची असावी. दुकानदाराला ‘मिथाइलकोबालामिन प्लेन’ असं स्पष्ट सांगा आणि तरीही मागची बाजू स्वतः वाचा.

सिरपही बाजूला ठेवा. मुलांच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये ए आणि डी जवळपास नेहमी असतात, काहींत लोह असतं, आणि पातळ औषध विरघळवायला प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरलेलं असू शकतं. त्याने मांजराच्या लाल पेशींत हाइन्झ बॉडी (बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या गुठळ्या) तयार होतात आणि पेशींचं आयुष्य घटतं. अमेरिकेत १९९६ मध्ये मांजरखाद्यातून ते याच कारणासाठी काढून टाकण्यात आलं. आधीच २७ टक्क्यांवर आलेल्या रक्ताला हा भार नको.

म्हणजे घरातल्या तिन्ही वस्तू बाद. पण तुमच्या मांजरीला जीवनसत्त्व लागतच नाही असं मात्र नाही. एक बहुधा नक्की लागतं, ते म्हणजे बी-१२.

क्रिएटिनिन २.६ म्हणजे किडनीच्या आजाराचे टप्पे ठरवणाऱ्या आयरिस वर्गीकरणातला दुसरा टप्पा (१.६ ते २.८). स्नायू झिजलेल्या मांजरीत क्रिएटिनिन खोटं कमी दिसतं, त्यामुळे प्रत्यक्षात किडनी थोडी जास्त बिघडलेली असू शकेल. एसडीएमए ही किडनीची दुसरी रक्तचाचणी करून घेतली तर अंदाज येईल. तरीही दुसऱ्या टप्प्यातल्या किडनीने एवढ्या उलट्या, पातळ शी आणि वर्षात १९ टक्के वजनघट होणं पटत नाही. हे चित्र आतड्याकडे बोट दाखवतं: आतड्याचा जुना दाह, किंवा या वयात दिसणारा सावकाश वाढणारा लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग). थायरॉइडही तपासलाच पाहिजे. म्हाताऱ्या मांजरीत किडनीचा रिपोर्ट एकदा बिघडलेला दिसला की पुढचं सगळं त्याच्या खात्यावर मांडलं जातं आणि आतडं तपासायचं राहून जातं.

आतडं बिघडलं की बी-१२ का पडतं? मांसातून आलेलं बी-१२ आतड्याच्या शेवटच्या भागात, इलियममध्ये, शोषलं जातं, आणि तिथे शोषलं जायला त्याला इंट्रिन्सिक फॅक्टर नावाच्या प्रथिनाचा हात धरावा लागतो. कुत्र्यात हे प्रथिन जठर आणि स्वादुपिंड दोन्हीकडून येतं, मांजरात फक्त स्वादुपिंडाकडून. त्यामुळे आतडं सुजलं तरी पुरवठा तुटतो आणि स्वादुपिंड बिघडलं तरी तुटतो. मांजरात हे दोन्ही आजार बऱ्याचदा एकाच वेळी असतात. साठाही लवकर संपतो: निरोगी मांजरात बी-१२ चा अर्धा साठा संपायला सुमारे १३ दिवस लागतात, पोटाच्या आजारात सुमारे ५. माणसाच्या यकृतात वर्षानुवर्षांचा साठा असतो, तसं इथे नाही.

एकदा बी-१२ घसरलं की भूक मरते आणि आतड्याच्या अस्तराच्या नव्या पेशी नीट बनत नाहीत, त्यामुळे शोषण आणखी कमी होतं. आतड्यासाठी योग्य औषध चालू असूनही मांजर सुधारत नाही, तेव्हा बऱ्याचदा हे चक्र मागे फिरत असतं. म्हणून बी-१२ ला मी टॉनिक म्हणत नाही, ते उपचाराचाच भाग आहे.

पहिल्या इंजेक्शनच्या आधी रक्त घ्या, शक्यतो उपाशीपोटी. नंतर मोजलेला आकडा इंजेक्शनचा असतो, मांजरीचा नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या प्रयोगशाळेची मांजरासाठीची मर्यादा २९० ते १५०० नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. आपल्याकडच्या रिपोर्टवर पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहिलेलं असतं, आकडा तोच. मात्र रिपोर्टच्या उजव्या बाजूची ‘नॉर्मल रेंज’ माणसाची असते. तिथे २५० ला ‘सामान्य’ छापलेलं असलं तरी मांजरीसाठी ती कमतरता आहे. २९० ते ४०० च्या मधला आकडा आणि सोबत पोटाची लक्षणं असतील तर मी उपचार सुरू करण्याच्या बाजूने आहे. जास्तीचं बी-१२ लघवीवाटे निघून जातं, त्यातून इजा होत नाही.

प्रमाण: २५० मायक्रोग्रॅम कातडीखाली, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. मग चार आठवड्यांनी एक, आणि त्यानंतर चार आठवड्यांनी पुन्हा रक्त. त्या वेळी आकडा मर्यादेच्या वर असेल तर साठा भरला आणि आतडंही शोषू लागलं, थांबून बघायला हरकत नाही. मर्यादेच्या आत असेल तर महिन्याला एक चालू ठेवा. खालीच असेल तर पुन्हा आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक, आणि मूळ आजाराचा शोध नव्याने सुरू करा, कारण तो आटोक्यात आलेला नाही.

सर्वाधिक संशोधन सायनोकोबालामिन या बी-१२ च्या रूपावर झालंय. आपल्याकडे मिथाइलकोबालामिनची इंजेक्शनं सहज मिळतात, तीही चालतात. बी-१, बी-६, बी-१२ एकत्र असलेलं लाल इंजेक्शन टाळा. त्याने खूप चुरचुरतं, आणि तिसऱ्या आठवड्यापासून मांजरी तुमच्या हातातली सिरिंज बघूनच कपाटामागे जाते.

सगळ्यात जास्त चुका सिरिंजमध्ये होतात. अँप्युलवर १ मिलिलिटरमध्ये किती ते वाचा, कारण १५०० मायक्रोग्रॅम असं लिहिलेलं अँप्युल कधी १ मिलिलिटरचं असतं, कधी जास्त. १ मिलिलिटरमध्ये ५०० असेल तर लागेल ०.५ मिलिलिटर. १००० असेल तर ०.२५. १५०० असेल तर सुमारे ०.१७. इन्सुलिन सिरिंज वापरत असाल तर टोपणाचा रंग आणि आकडा बघा. आपल्याकडे यू-४० सर्रास मिळते, तिच्यावरचे ४० भाग म्हणजे १ मिलिलिटर. त्यामुळे ०.२५ मिलिलिटर म्हणजे यू-४० वर १० ची रेघ आणि यू-१०० वर २५ ची. एका सिरिंजचा आकडा दुसरीवर लावला की डोस अडीचपट होतो किंवा पाव ते निम्म्याच्या मध्ये कुठेतरी राहतो. बी-१२ मध्ये जास्त गेलं तरी निभावतं, पण हीच सिरिंज उद्या इन्सुलिनसाठी वापरायची वेळ आली तर निभावत नाही. सवय आत्ताच लावा.

टोचताना द्रव खोलीच्या तापमानाला आणा. दोन खांद्यांच्या मध्ये किंवा बरगडीच्या बाजूला कातडी उचलून तंबू करा, सुई तंबूच्या बुडाशी कातडीला समांतर घाला, दट्ट्या किंचित मागे ओढा. रक्त आलं तर सुई काढून दुसरीकडे घाला. हवेचा बुडबुडा आत खेचला गेला तर सुई दुसऱ्या बाजूने बाहेर आलेली असते, केस ओले झाले का ते बघा. जागा दर आठवड्याला बदला. बी-१२ उजेडात खराब होतं, तेव्हा अँप्युल खोक्यातच ठेवा. उघडलेलं अँप्युल पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका, त्यात जंतू वाढतात.

टोचणं जमतच नसेल तर तोंडावाटे रोज २५० मायक्रोग्रॅम, बारा आठवडे. इंट्रिन्सिक फॅक्टरशिवायही थोडा अंश नुसता झिरपून आत जातो, म्हणून हा मोठा रोजचा डोस काम करतो. पण रोजचा म्हणजे रोजचा. आणि नेहमीच्या बी-कॉम्प्लेक्स गोळीत बी-१२ बहुधा १५ मायक्रोग्रॅमच्या आसपासच असतं, त्यामुळे ‘आम्ही बी-कॉम्प्लेक्स देतोय’ याने बी-१२ ची तूट भरत नाही. आठवड्यातून तीनदा उलटी करणाऱ्या मांजरीला मी इंजेक्शनच सुचवेन.

बी-१२ सोबत फोलेटही (बी-९, म्हणजेच फॉलिक अॅसिड) मोजून घ्या. कमी असेल तर रोज २०० मायक्रोग्रॅम महिनाभर देतात. आपल्याकडची सर्वसाधारण फॉलिक अॅसिडची गोळी ५ मिलिग्रॅमची, म्हणजे २५ पट असते. ती घरी चुरून वाटण्यापेक्षा व्हेटकडून योग्य मात्रेची तयारी करून घ्या.

बाकीच्या बी जीवनसत्त्वांचं काय? किडनीच्या आजारात लघवी खूप होते आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं तिच्यासोबत वाहून जातात, हे खरं आहे. किडनीसाठीच्या तयार खाद्यात ती याच कारणाने जास्त घातलेली असतात. मांजरी ते पोटभर खात असेल तर वेगळं काही नको. खात नसेल, किंवा कातडीखाली रोज सलाइन चालू असेल, तर बी-कॉम्प्लेक्स द्यायला हरकत नाही.

यात थायामिन, म्हणजे बी-१, सगळ्यात आधी संपतं. मांजराला ते कुत्र्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं आणि साठा जवळपास नसतो. काही दिवस नीट न खाल्लेली मांजरी अचानक मान खाली घालून बसली, छातीला हनुवटी टेकू लागली, बुबुळं मोठी झाली, चालताना झोक जाऊ लागला, तर ती आणीबाणी आहे. दोन कारणं शोधायची: थायामिन आणि पोटॅशियम. किडनीच्या आजारात पोटॅशियम घसरलं तरी मान अशीच पडते. रक्तात पोटॅशियम लगेच मोजता येतं. थायामिनचं इंजेक्शन मात्र रिपोर्टची वाट न बघता देतात, कारण ते दिल्याने तोटा नाही आणि उशीर केला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

किनारपट्टीवर, कोकणात, मुंबईत, गोव्यात, मांजरीला बाजारातून आणलेली कच्ची मासळी घालायची पद्धत आहे. काही माशांत थायामिनेज नावाचं विकर असतं, ते थायामिनच तोडून टाकतं. कुठल्या माशात किती हे बघून कळत नाही. मासळी उकळून घातली की विकर मरतं. नुसत्या तेलकट मासळीवर ठेवलेल्या मांजरीला दुसराही त्रास होतो: ई जीवनसत्त्व अपुरं पडून कातडीखालची चरबी सुजते, ताप येतो आणि पाठीला हात लावला तरी ती ओरडते.

कलेजीही तशीच. स्वस्त मिळते, मांजर आवडीने खाते आणि ‘रक्त वाढतं’ म्हणून रोज घातली जाते. मांजर गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून ए जीवनसत्त्व बनवू शकत नाही, तिला तयार ए लागतं, आणि कलेजीत ते भरपूर असतं. महिनोन् महिने रोज कलेजी घातली तर ते साचत जातं आणि मानेच्या मणक्यांवर हाड वाढून मणके जुळतात. मान वळत नाही, अंग चाटता येत नाही, पुढचे पाय लंगडतात. वाढलेलं हाड परत विरघळत नाही. कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूलमध्ये ए आणि डी दोन्ही असतात, तेव्हा त्याही नकोत. ओमेगा-३ हवं असेल तर माशाच्या अंगाचं तेल घ्या, लिव्हरचं नाही.

सी जीवनसत्त्व मांजराचं यकृत स्वतः बनवतं. वरून दिलेलं लघवीत ऑक्सलेट वाढवू शकतं आणि अशा किडनीला खड्यांची भर नको. लायसिन हे अमिनो आम्ल अजूनही सर्दीच्या विषाणूसाठी सर्रास विकलं जातं. २०१५ मधल्या उपलब्ध अभ्यासांच्या आढाव्यात त्याचा फायदा आढळला नाही आणि ते बंद करावं असा निष्कर्ष निघाला. त्यावर पैसे घालू नका.

के जीवनसत्त्व फक्त यकृत किंवा पित्तमार्ग बिघडला असेल तर. आठवडाभर न खाल्लेली, डोळे-हिरड्या पिवळ्या पडलेली मांजरी असेल तर खाऊ घालायची नळी घालण्याआधी किंवा यकृताचा तुकडा तपासायला काढण्याआधी के-१ देतात: किलोमागे ०.५ ते १.५ मिलिग्रॅम कातडीखाली, १२ तासांच्या अंतराने तीनदा, शिरेतून कधीही नाही. अँप्युलवर फायटोमेनाडायोन लिहिलेलं हवं. मेनाडायोन सोडियम बायसल्फाइट हे के-३ आहे. त्याने रक्त गोठण्याचं काम वेळेत होत नाही आणि लाल पेशींना इजा होते. नावं सारखी असल्याने ही गल्लत होते.

हिमॅटोक्रिट २७ साठी रक्तवाढीचं टॉनिक शोधू नका. किडनी एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी बनवायला लावणारं संप्रेरक) कमी बनवते म्हणून रक्त कमी होतं, ते जीवनसत्त्वाने भरत नाही. २० च्या खाली गेलं तर डार्बेपोएटिन (त्याच संप्रेरकाचं तयार औषध) आणि त्यासोबत लोहाचं इंजेक्शन हा मार्ग असतो. तोंडावाटे लोह दिलं तर उलट्या वाढतील.

तुमच्या मांजरीच्या किडनीसाठी खरं काम फॉस्फरसमध्ये आहे. दुसऱ्या टप्प्यात तो ४.६ च्या खाली हवा, तिचा ५.१ आहे. किडनीचं खाद्य दोन-तीन आठवड्यांत हळूहळू बदला. तरी उतरला नाही तर अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडसारखं फॉस्फेट धरून ठेवणारं औषध, किलोमागे दिवसाला ३० ते ९० मिलिग्रॅम, जेवणातच विभागून. उपाशीपोटी दिलं तर त्याला धरायला फॉस्फरसच नसतो. ते सोडून दुसरं कुठलंही औषध या खाद्यात मिसळू नका. मांजर वास लक्षात ठेवते. एकदा कडू लागलं की ते खाद्य कायमचं नाकारते, आणि तिच्या आयुष्यात सगळ्यात जास्त भर घालणारी वस्तू तुमच्या हातून जाते. गोळी दिल्यावर ५-६ मिलिलिटर पाणी सिरिंजने गालाच्या बाजूने हळूहळू पाजा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते.

घरचं शिजवलेलं चिकन-भात चालू असेल तर ते सांगा. त्यात कॅल्शियम आणि टॉरिन (मांजराला खाण्यातूनच लागणारं अमिनो आम्ल) दोन्ही अपुरे असतात. उकळल्यावर टॉरिन पाण्यात उतरतं, आणि ते पाणी आपण ओतून देतो. टॉरिनअभावी मांजराचं हृदय फुगतं हे १९८७ पासून माहीत आहे. मिठाशिवाय, कांदा-लसणाशिवाय शिजवा, पाणी खाण्यातच ठेवा, आणि २५० मिलिग्रॅम टॉरिन दिवसातून दोनदा घालण्याबद्दल व्हेटशी बोला.

आता क्रम. या आठवड्यात एकाच वेळी रक्त द्या: बी-१२, फोलेट, टी-४ (थायरॉइडसाठी), पोटॅशियम, कॅल्शियम, एसडीएमए. सोबत लघवीतलं प्रथिन, रक्तदाब आणि पोटाची सोनोग्राफी. रक्त घेतल्यावर लगेच बी-१२ चं पहिलं इंजेक्शन द्यायला हरकत नाही, रिपोर्टसाठी थांबायची गरज नाही. भुकेत फरक पडला तर बहुधा पहिल्या दोन ते चार आठवड्यांत कळतो. लहान बाळांच्या वजनकाट्यावर दर आठवड्याला त्याच दिवशी, खाण्याआधी, वजन करून लिहून ठेवा. ३.४ किलोत १०० ग्रॅम म्हणजे तीन टक्के. दोन आठवड्यांत तेवढे उतरले, किंवा पूर्ण एक दिवस तिने काहीच खाल्लं नाही, तर पुढच्या तारखेची वाट न बघता घेऊन जा.